पाय दावा

"पाय दावा."

काकांकडे कोणीही गेलं तरी त्यांचं पहिलं वाक्य हेच असायचं. रामराम नंतर, बसा त्याच्याही नंतर. हातातला कंदील ते आधी खाली न्यायचे, येणाऱ्याच्या पावलांपाशी धरायचे आणि समाधान झालं की मगच तो चेहऱ्यापर्यंत वर आणायचे. भर दुपारी कंदील विझलेला असायचा, तरीही रीत तीच.

तुमच्यापैकी कोणी मानवतहून गंगेच्या त्या उतारावर गेलं असेल, तर काका त्यालाही आठवत असतील. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. उतारावर नाव चालायची आणि काठावर एक जुना दगडी बुरूज होता. त्याच्या माथ्यावरच्या कोनाड्यात रोज तिन्हीसांजेला मोठा दिवा लागायचा, पलीकडून येणाऱ्या नावेला काठ दिसावा म्हणून. दिवा लावणारे ते काका. भूगोलाच्या पुस्तकात दीपगृह समुद्रावर असतं. मी मुलींना सांगायची, आपलं गंगेवर आहे, चला दाखवते.

मी मानवतला मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. सहलीचं काम दरवर्षी माझ्याकडे, कारण याद्या करायची मला सवय. डबे कोणाकडे, पाण्याचे तांबे कोणाकडे, कोणत्या मुलीला गाडी लागते, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असे. त्यामुळे काकांची माझी ओळख दरवर्षी एकेका सहलीने वाढत गेली.

पाय कशासाठी बघता, असं पहिल्याच सहलीत एका धीट मुलीने विचारलं.

"नाव पायऱ्यांपतूर येत न्हाई, पोरी. शेवटाला पाण्यातनंच चालावं लागतं. म्हंजी गंगेकडनं आला त्याच्या पायाला पाणी पायजे. गावाकडनं आला त्याच्या पायाला धूळ पायजे."

"आणि दोन्ही नसलं तर?"

"तर कंदील वर करायचा न्हाई," काका म्हणाले. "त्वांड बघायचं न्हाई. सकाळी या म्हणायचं."

"मग सकाळी येतात?"

"सकाळी कशाला येत्यात."

मुली खिदळल्या. परतीच्या वाटेवर मात्र सगळ्या आपापल्या पायांकडे बघत चालत होत्या.

एकदा शाळातपासणीला आलेले एक साहेब आमच्याबरोबर बुरूज पाहायला आले. इस्त्रीची पँट, बूट, मोजे. काकांनी कंदील बुटापाशी धरला आणि थांबले. साहेब म्हणाले, "हा काय प्रकार आहे?" काका म्हणाले, "पाय झाकल्यात." साहेबांनी हैदराबादी उर्दूत दरडावून पाहिलं, मग मराठीत. काका जागचे हलले नाहीत आणि दारही सोडलं नाही. शेवटी साहेब पायरीवर बसले, बूट काढले, मोजे काढले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. मुलींनी तोंडात पदर कोंबले. काकांनी शांतपणे पाहिलं आणि कंदील वर केला. "या सायेब. धूळ न्हाई, पर घाम हाय."

बुरुजाच्या पोटात एक लांबट खोली होती. गाव तिला अजबखाना म्हणायचं. भिंतीभर लाकडी खुंट्या आणि खुंट्यांवर माणसांच्या वस्तू: पटका, काठी, घुंगरांचा पट्टा, एका पायातलं चांदीचं कडं, चिंध्यांची बाहुली. त्या उतारावरची ती चालच होती. दिवेलागणीनंतर नावेत बसणाऱ्याने अंगावरची एक वस्तू काकांकडे ठेवून जायची, मी माघारी येणार आहे याची खूण म्हणून. परत आला की काका पाय बघून ती त्याच्या हातात द्यायचे. खोलीत उरलेल्या वस्तू न आलेल्यांच्या होत्या.

मी एकदा सुचवलं, "काका, चिठ्ठ्या लावू का? कोणाची वस्तू, कधीची. बघणाऱ्याला कळेल."

ते वस्तूंवरची धूळ एका मऊ फडक्याने झटकत होते. "नगं, मास्तरीणबाई. चिठ्ठी लावली की वस्तू मेल्याची होती. ही माणसं यायलीत अजून."

"यायलीत" असं म्हणताना त्यांनी दाराकडे बघितलं. मीही बघितलं. दारात ऊन होतं, आणि ऊन असूनही मी मुलींना जरा लवकरच बाहेर काढलं.

त्या खुंट्यांपैकी दाराजवळच्या एका खुंटीकडे मी शक्यतो बघत नसे. तिच्यावर काळी टोपी होती. ती माझ्या धाकट्या दिराची होती.

रझाकारांच्या धामधुमीत आमच्याकडची बरीच तरुण मुलं सरहद्दीकडे गेली. दीरही गेला, एका संध्याकाळी, नावेने. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, बाकीची मुलं एकेक करून परतली. त्याला कोणी कुठे पाहिलं होतं याचा धड पत्ता लागला नाही. घरात माझी धाकटी जाऊ राहिली, कपाळावर कुंकू लावून. हळदीकुंकवाला बायका तिच्याकडे बघून एकमेकींकडे बघायच्या. तिला कुंकू लावायचं की नाही, हे त्यांना ठरवता येत नसे. ते तिलाही ठरवता येत नव्हतं.

अशी काही वर्षं गेल्यावर सासूबाईंनीच विषय काढला. "टोपी घरी आणा. भटजींना विचारलंय मी. टोपी ठेवून सगळं विधिवत करून टाकू. पोरीचं असं लोंबकळत ठेवणं बरं न्हाई."

जाऊ चुलीपुढून उठून गेली.

मला सासूबाईंचं पटत होतं. जे काय असेल ते एकदा ठरावं, असा माझा स्वभाव. मी घरच्यांची सहल काढली. मुलांना सांगितलं, अजबखाना बघायला जायचंय. धपाटे, ठेचा, दही, सतरंजी, फिरकीचा तांब्या, सगळं यादीप्रमाणे घेतलं. यजमान आणि मुलं गंगेत डुंबली, आम्ही बाभळीखाली जेवलो. ऊन उतरल्यावर सासूबाई, जाऊ आणि मी बुरुजाकडे निघालो.

"पाय दावा."

सासूबाईंनी धुळीचे पाय पुढे केले. कंदील वर आला. त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "टोपी न्यायला आलेय. माझ्या पोराची."

"न्हाई देता येत, माय. ज्याचं त्यानंच न्यावं."

"आई हाय मी त्याची."

"आईलाबी न्हाई."

"सरकारी माल हाय का तुमचा? नुसती खुंटीवर धूळ खायलीय ती."

"धूळ न्हाई बसू देत मी," काका म्हणाले. ते एवढ्यावरच दुखावलेले दिसले. मग पायरीवर टेकले. "माझ्या बापानं एकदा दिलती एक काठी. मयताचा भाऊ आलता, लय रडला, बापाला दया आली. काठी गेली. मग त्यो आला. ज्याची काठी व्हती त्यो. सांज झाली की यायचा, आन् मोकळी खुंटी हातानं चाचपत ऱ्हायचा. बापाला आवाज यायचा. लाकडावर नखं फिरल्यावानी. बापानं जलमभर ती खुंटी मोकळीच ठिवली."

सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. रांगेत शेवटी खरंच एक मोकळी खुंटी होती, आणि ती बाकीच्यांपेक्षा बारीक होती, मधे झिजलेली.

तेव्हा जाऊ पहिल्यांदा बोलली. "काका, ते आले होते का कधी?"

काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. कंदिलाची काच फडक्याने पुसत राहिले. "टोपी खुंटीवर हाय, पोरी. टोपी हाय तवर कुंकू ऱ्हाऊ दे. कुणी ईचारलं तर माझं नाव सांग."

परतताना बैलगाडीत सासूबाई म्हणाल्या, "म्हातारं खुळं हाय." पण टोपीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. जाऊ माझ्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती आणि कितीतरी दिवसांनी काहीतरी गुणगुणत होती. मी माझ्या यादीतलं 'टोपी' हे एकच काम न खोडता तसंच ठेवलं.

पुढे वरच्या बाजूला रस्ता झाला, मोटारी तिकडून जायला लागल्या. नाव बंद झाली. नाव नाही तर दिवा कशाला, म्हणून बुरुजाचा दिवाही बंद करायचं ठरलं, आणि अजबखान्यातल्या वस्तू पेटीत भरून शहरात नेणार असं आमच्याकडे येणाऱ्या बांगडीवालीने सांगितलं. जाऊ अर्ध्याच बांगड्या भरलेल्या हाताने उठली. "अक्का, चला."

वैशाख होता. गंगा कुठल्या कुठे आत सरकली होती. पायऱ्यांपासून पाण्यापर्यंत नुसती तापलेली वाळू.

"पाय दावा." काकांचा आवाज बारीक झाला होता. धूळ बघून त्यांनी कंदील वर केला. आम्ही आत गेलो. दाराजवळची खुंटी मोकळी होती.

"पेटीवाले येऊन गेले?" मी विचारलं.

"न्हाई. उंद्या येणार."

"मग टोपी?"

"ज्याची त्यानं नेली."

जाऊने दाराची चौकट धरली. तिने एकच शब्द विचारला. "पाय?"

काकांनी कंदील उचलला, तिच्या पावलांपाशी नेला, आणि तिथेच ठेवला. पुन्हा वर केला नाही. मग म्हणाले, "वले व्हते, पोरी. घोट्यापतूर चिखल व्हता."

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली, हसत हसत. काका तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

मी बघत होते. बघितलेलं टिपून ठेवायची सवय काही सुटत नाही. टोपी नेली जाऊ नये म्हणून म्हाताऱ्याने ती लपवली असेल, असं आधी माझ्या मनात आलं. पण मोकळ्या खुंटीखाली ताज्या सारवणात अनवाणी पावलं उमटलेली होती. तरुण माणसाची, लांब पावलं. काकांची पावलं फताडी, बोटं वाकडी. इथे बोटं सरळ होती. चिखलाचा ठिपका नव्हता, वाळूचा कण नव्हता, धूळही नव्हती. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली, अगदी थोडी.

त्यानंतर घरात जाऊने दिवेलागणीला दारात पाणी ठेवायला सुरुवात केली, आलेल्याला पाय धुवायला. सासूबाईंनीही हरकत घेतली नाही.

महिनाभराने मी एकटीच गेले, काकांसाठी नवं धोतर आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. 'पाय दावा' कोणी म्हणालं नाही. पायरीवर उभी राहून मी थोडा वेळ वाट पाहिली, मग माझ्याच पायांकडे बघून घेतलं आणि आत गेले. पेटीवाले सगळं घेऊन गेले होते. भिंती उघड्या. फक्त दाराजवळच्या त्या खुंटीवर एक वस्तू टांगलेली होती. काकांचा कंदील.

जन्मात कधी पलीकडे न गेलेला माणूस. नावही नव्हती. पायऱ्यांखालच्या वाळूत पावलांच्या दोन ओळी पाण्याकडे गेल्या होत्या, शेजारी शेजारी. एक फताडी, वाकड्या बोटांची. दुसरी लांब. येणारी ओळ एकही नव्हती.

धोतर मी खुंटीखाली घडी करून ठेवलं. कंदिलाला हात लावला नाही.

घरी पोचले तेव्हा दिवे लागत होते. जाऊ दारात चिमणी घेऊन आली. तिने ती खाली नेली, माझ्या पायांपाशी धरली. ही रीत तिने कधी उचलली ते मला कळलंच नव्हतं.

"धूळ हाय," ती म्हणाली. मग तिने चिमणी थोडी बाजूला सरकवली, माझ्या शेजारी, जिथे कोणी उभं नव्हतं. तिथेही ती वाकून बघत राहिली. बराच वेळ. चिमणी तिने वर केली नाही.

"सकाळी या," ती हळूच म्हणाली, आणि मला हाताला धरून आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. कोणी तिला काही सांगितलं नव्हतं, मीही नाही. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि तिला जवळ ओढून घेतलं. दारातलं पाणी तिनेच तुळशीला ओतलं.

मी चहा घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, "अक्का, कंदील तिथंच ऱ्हाऊ दिलात ना?"

"हो."

"बरं केलंत. काका माघारी आले की लागंल त्यांना."

कंदिलाचं मी घरात कोणालाच बोलले नव्हते.