एका कामापुढे एक नाव

आमच्या ऑफिसातल्या काकांइतका संशयी माणूस मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत दुसरा झाला नसेल. आपण बोललेलं समोरच्याला ऐकू गेलं असेल, आणि ऐकू गेलेलं कळलं असेल, यावर त्यांचा काडीइतका विश्वास नव्हता. एका शाळेत कारकून म्हणून आयुष्य काढून निवृत्त झाले, आणि भांडुपला आमच्या छोट्याशा संस्थेत समन्वयक म्हणून येऊन बसले. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांना दहावीला बसवायचं, हे आमचं काम. माणसं आम्ही चार. कुणालाही काहीही सांगितलं की काका शेवटी म्हणायचे, "आता तुका काय समाजला, तां माका सांग बघू." चहावाल्यालासुद्धा दोन कटिंग सांगून ते परत त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे. एकदा एका रिक्षावाल्याला त्यांनी पत्ता परत म्हणायला लावला, तेव्हा तो यांना तिथेच सोडून रिकामी रिक्षा घेऊन निघून गेला. काकांचं त्यावर म्हणणं असं, की बरं झालं, तो नक्की चुकला असता.

ऑफिसात एक फळा होता. त्यावर कामं लिहायची आणि एका कामापुढे एकच नाव. चुकून दोन नावं पडली, तर काका दोन्ही पुसून टाकत आणि बैठक पहिल्यापासून सुरू करत. 'पंखा बंद करणे' यापुढेही माझं नाव असे आणि मी घरी पोचल्यावर पंख्याची चौकशी करायला त्यांचा फोन येई. मोबाइलवर बायकांचा ग्रुप आम्हीच हट्टाने काढला. त्यावर निरोप टाकला की बायका अंगठ्याचं चित्र पाठवायच्या. ते पाहून काकांचं डोकं फिरायचं. निरोप घरी जाऊन, बाईच्या तोंडाकडे बघून द्यायचा, हा त्यांचा नियम. आम्ही पाठीमागे त्यांच्या नकला करायचो. त्यात सगळ्यात चांगली नक्कल माझी होती.

एका वर्षी परीक्षेच्या तोंडावर काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि काका चार दिवस आले नाहीत. नेमकं त्यातच परीक्षेचं केंद्र बदललं. घाटकोपरऐवजी मुलुंड. फळ्यावर 'केंद्र बदलल्याचं घरोघरी सांगणे' यापुढे माझं नाव लिहिलं गेलं. अकरा बायका, अकरा चाळी, वर टेकडीपर्यंत चढण. मी ग्रुपवर निरोप टाकला. तासाभरात अकरा अंगठे आले. मी फळ्यावर खूण केली आणि पंखा बंद करून घरी गेले.

सुनंदाच्या घरी फोन एकच होता आणि तो नवऱ्याकडे असायचा. अंगठा त्याने दिला होता. तिला सांगायचं तो विसरला, की त्याला सांगायचंच नव्हतं, कोण जाणे. ती मराठीच्या पहिल्या पेपराला घाटकोपरला गेली. तिथून धावतपळत मुलुंडला पोचेपर्यंत दार बंद झालं होतं. एक पेपर बुडाला, म्हणजे त्या वर्षीची दहावी बुडाली. एका इस्पितळात ती कंत्राटावर सफाईचं काम करायची. दहावी झाली असती तर त्या उन्हाळ्यात कायम व्हायची संधी होती. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

काका मला घेऊन तिच्या घरी गेले. नवरा टीव्ही बघत बसला होता. काका उभ्यानेच म्हणाले, "सुनंदाबाई, तुम्हाला घरी येऊन सांगायचं काम माझं होतं. मी आलो नाही. चूक माझी."

सुनंदाने हातातलं फडकं पिळून दाराच्या कडीला अडकवलं. मग म्हणाली, "नापास झाले असते तरी चाललं असतं हो काका. मला बसायलाच मिळालं नाही."

मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही. जिना उतरताना कसंबसं म्हटलं, "काका, फळ्यावर नाव माझं होतं."

"माका ठाऊक आसा," काका म्हणाले. "तुका अजून ह्या बायकांच्या घरात जाऊचा आसा. माका काय, मी आता गावाक जातलंय."

आणि खरंच गेले. महिन्याभरात राजीनामा देऊन काकूंना घेऊन कणकवलीकडच्या गावी गेले. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. नवी मुलं माझी नक्कल करतात, हे मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी स्टेशनजवळच्या बाजारात सुनंदा भेटली. अजून कंत्राटावरच आहे. पुन्हा परीक्षेला बसली नाही. जाताना म्हणाली, "काकांना सांगा ताई, माझा त्यांच्यावर राग नाही आता. वय झालेलं माणूस, विसरले असतील." मी सांगते म्हटलं. खरं तिथेच सांगायला हवं होतं. मला जमलं नाही, आणि त्याची लाज अजून जात नाही.

परीक्षा जवळ आली की काकांचा गावाहून फोन येतो. बायका किती, केंद्र कुठलं, कोण घरी जाऊन आलं. सुनंदाचं नाव ते कधी घेत नाहीत. तिचा राग गेला, एवढं तरी त्यांना सांगावं असं दर वेळी माझ्या ओठांवर येतं. पण मग ते विचारतील, तिला खरं सांगितलंस का. म्हणून मी काकूंच्या डोळ्यांची चौकशी करते आणि फोन ठेवते.