एक जूनच्या मुली

ते काम आमच्या कंपनीला मिळालं, कारण आम्ही सगळ्यांत स्वस्तात करून देतो म्हणालो होतो. कंपनी म्हणजे ठाण्यातल्या दोन खोल्या, सहा कॉम्प्युटर आणि एक साहेब. मोठ्या कंपन्यांना नको झालेली कामं हातोहात फिरत आमच्याकडे यायची. तसंच हेही आलं. एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहांसाठी प्रवेशयादी काढणारं सॉफ्टवेअर करायचं होतं. त्यातलं एक वसतिगृह मोखाड्यात आहे म्हटल्यावर साहेब मला म्हणाले, "तू तिकडचीच ना? मग बघायला जायची गरजच काय! तुला माहितीये सगळं."

माहितीये तर! जव्हारच्या टेलरची मुलगी कॉम्प्युटर शिकून ठाण्यात नोकरीला लागलेली, माझा तोरा काय विचारता. कोणी सांगितलं नव्हतं तरी मी त्यात एक करामत घातली. एकाच मुलीचं नाव चुकून दोनदा लिहिलं गेलं, तर सॉफ्टवेअर एक नाव आपणहून उडवणार. नाव, बापाचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख, चारही जुळली की उडालंच. साहेब खूश. तपासणी वगैरे आमच्याकडे नव्हती. चालू केल्यावर चालू झालं की काम झालं.

पहिली यादी काढून द्यायला मोखाड्याला जाण्याआधी जव्हारला घरी थांबले. अब्बा गणवेश शिवत होते. मी सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी विचारलं, "माप घ्यायला गेली नव्हतीस?"

"अब्बा, हे काय कपडे आहेत?"

"बरं बेटा," म्हणाले आणि पुन्हा मशीनला लागले. जुळ्या भावांचीसुद्धा वेगवेगळी मापं घेणारा माणूस, त्याला काय कळणार कॉम्प्युटर, असं मला तेव्हा वाटलं.

वसतिगृहाच्या बाईंनी नावं आधीच भरून ठेवली होती. मी ऐटीत बटण दाबलं, यादी छापून दारावर लावली. चारच्या एसटीनं तिची फ्लॉपी संस्थेच्या कार्यालयात जायची होती. त्या यादीत नाव असेल तिलाच खाट. थोड्या वेळानं पोशेऱ्याची एक मुलगी दारात येऊन उभी राहिली, मागं तिचा बाप. मुलगी नववीची. पोशेऱ्याहून रोज ये-जा करून दहावी होणार नव्हती, खाट नाही तर शाळा नाही.

"बाई, माझा नाव कुठं गेला?"

बाईंनी यादी पाहिली. "हे काय, आहे की!"

"ती साखरशेतची."

साखरशेतची मुलगी आतच होती. दोघींचं नाव, बापाचं नाव, आडनाव एकच. आणि जन्मतारीख एक जून, सालही तेच. आमच्याकडे मूल पहिलीत घालताना आई-बापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून टाकून मोकळे होतात. अर्धा तालुका एक जूनला जन्मलाय. अहो, माझ्या स्वतःच्या दाखल्यावर एक जूनच आहे! ठाण्याचं पाणी प्यायले आणि स्वतःची जन्मतारीख विसरले.

धावत एसटीडी बूथवर जाऊन साहेबांना फोन केला. साहेब शांत. "एकीची दोन जून कर. एका दिवसानं काय होतंय?"

परत येऊन बाईंना तसं सांगितलं, तर त्या उसळल्याच. "आणि बोर्डाचा फॉर्म भरताना दाखला काय तुमचे साहेब बदलून देणार?"

मग बसले खाली मान घालून. लाइट दोनदा गेली. मुलगी माझ्या खुर्चीमागं उभी, बाप दारात उकिडवा. घाईघाईत मी नावासोबत गावही जुळवायला लावलं. पोशेरा वेगळं, साखरशेत वेगळं. यादी काढली. दोघी एकीखाली एक! बाईंनी फ्लॉपी घेतली आणि चारची एसटी गाठली. बाप पहिल्यांदा हसला. मीही सुटले म्हणून पर्स उचलली.

मुलगी मात्र पडद्याकडेच बघत होती. "आता गाव बघूनशी नाव काढतं का ह्या?"

"हो. हुशार आहेस गं!"

"मंग आमच्या पाड्यात माझ्या नावाची अजून एक आहे. बापाचा नाव, आडनाव पण तोच, तारीख पण एक जूनच. माझ्याच वर्गात होती, आजारी पडली म्हणून मागं राहिली. पुढल्या साली ती येल. मंग तिची खाट जाईल?"

तिची स्वतःची खाट पक्की झाली होती. तरी हे विचारायचं तिला सुचलं, आणि पगार घेणाऱ्या मला सुचलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. पर्स खाली ठेवली आणि पुन्हा बूथवर गेले. मी दोन दिवस येत नाही म्हटल्यावर साहेब तडकले, "का? यादी गेली ना? काम झालं ना?"

"नाही झालं," मी म्हणाले.