ब्रेक दाबला की टेप बंद

ती पांढरी अँबेसेडर दारात आली की गंगाखेडच्या आमच्या गल्लीतली माणसं उठून उभी राहायची. मला त्या उठणाऱ्यांची कीवच यायची. गाडीचे मालक उसाचे बडे शेतकरी. गाडीत नवा टेप बसवलेला, आणि दसऱ्याची पूजा झाल्यापासून त्याचं एकच नाटक चाललेलं. ब्रेक दाबला की गाणं बंद, सोडला की चालू.

मी आयटीआयमधून गाड्यांचं इलेक्ट्रिक काम शिकून आलेला. ज्यांच्या दुकानात कामाला होतो ते उस्ताद जुम्म्याच्या नमाजला गेलेले, दुकानात मी एकटाच. दार उघडून आत बसणार तेवढ्यात मालकांनी विचारलं, "आडनाव काय रं तुजं?"

नामांतराच्या त्या वर्षांत हा प्रश्न ओळख वाढवायला कुणी विचारत नसे. मी सांगितलं. त्यांचं तोंड आंबट झालं.

"सीटवर बसू नको. भाईरून बघ."

बाहेरून बघ म्हणे! टेप आणि ब्रेकचा दिवा, दोन्हींच्या तारा एकाच स्क्रूवर जोडलेल्या, आणि तो स्क्रू डॅशबोर्डच्या खाली, पार आत. सीटवर पाय टाकून, डोकं पेडलांपाशी नेऊन उताणं झोपावं तेव्हा कुठं दिसणार. नाही म्हणावं तर उस्तादांचं गिऱ्हाईक जातं, दारात वाकून काम करावं तर मीच माझ्या नजरेतून उतरतो.

"भाईरून दिसत न्हाई, मालक. तुमीच झोपा. मी सांगतो तसं करा."

वाटलं, आता शिव्या बसणार. पण संध्याकाळी व्याही स्टेशनवर उतरणार होते आणि त्यांच्यापुढं टेप वाजायलाच हवा होता. असल्या माणसांचा ताठा असतोच केवढा! धोतर सावरत ते खरंच आडवे झाले.

मी बॅटरीची तार काढून ठेवली. ती न काढता त्यांना ठिणगीचा चटका बसू द्यायचा मोह झाला होता, पण कामात मी हलकटपणा करत नाही.

"स्क्रू हिरवा पडलाय रं. वर कुंकू हाय," आतून आवाज आला.

असणारच. दर दसऱ्याला डॅशबोर्डवर नारळाचं पाणी शिंपडायचं, हळदकुंकू लिंपायचं. ते झिरपून स्क्रू गंजला होता आणि दोघांना पुरेल एवढा करंटच पुढं जात नव्हता. गाडी पवित्र करता करता यांनी ती सडवली होती. मी पॉलिश पेपर पुढं केला. तो मात्र त्यांनी माझ्या हातून मुकाट घेतला.

"घासा. अजून घासा. आता आवळा."

बॅटरी जोडली, त्यांनी ब्रेक दाबला, गाणं चालूच राहिलं.

उस्ताद आल्यावर मी मालकांचे वर गेलेले पाय हसून हसून सांगितले. उस्ताद हसले नाहीत.

"तू त्याला तुजं काम शिकवलंस, बेटा. आता तुला सीटवर बसवायची गरजच काय त्याला?"

पुढच्या दसऱ्यानंतर गाडी दुकानावर आलीच नाही. टेप आपण स्वतः दुरुस्त करतो, असं मालक गावभर सांगत फिरायचे. आणि ते खोटं नव्हतं.