त्या सकाळी मिसळ तिखट लागली नाही

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर एकच प्रश्न विचारत आलो – "तू स्वतः बघितलंस, का ऐकलंस?" बहुतेकांचं तोंड तिथंच बंद होतं. मी पैंजणांचा व्यापारी. चांदी कसाला लावल्याशिवाय सख्ख्या माणसाच्याही शब्दावर मी ती घेत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय. पण जे झालं ते माझ्या स्वतःच्या जिभेवर झालं... ऐकीव नाही.

आम्ही मूळचे हुपरीचे. घरातच पैंजणांचा कारखाना. थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, आणि मी एकत्र धंदा करायचो. वेगळा झालो ते एका वाक्यामुळं. बाहेरगावचे व्यापारी माल घ्यायला आले होते. मी वजन करायला उठलो, तर अण्णा त्यांच्यादेखत म्हणाला, "ह्याच्या हातात तराजू देऊ नका." हसत म्हणाला, आणि व्यापारीही हसले. चांदीच्या धंद्यात असं बोलणं म्हणजे माणसाच्या कपाळावर डाग देणं. त्याच महिन्यात मी कोल्हापूरला आलो, गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, दुसऱ्याच्या ओट्यावर बसून सुरुवात केली. आज तिथं माझं स्वतःचं दुकान आहे. अण्णानं शब्द मागं घेतला नाही. मी त्याच्या दारात गेलो नाही.

गेल्या वर्षी त्याला घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक दिले. नाकातून नळी घातली, तिच्यातून पातळ पेज. वहिनी अधूनमधून फोन करायची. "जिभंची चव पार गेली भावजी. गोड न्हाय, खारट न्हाय. आणि मागत्यात काय, तर कोल्हापूरची मिसळ." डॉक्टरांनी सांगितलं होतं, चव परत येणं कठीण. मी औषधांचं विचारायचो, मोठ्या डॉक्टरांची नावं सुचवायचो. भेटायला मात्र गेलो नाही. त्याबद्दल मला कुणी शिकवू नये. त्या दिवशी हसं माझं झालं होतं, तुमचं नाही.

आता मूळ गोष्ट. कोल्हापुरात गंगावेशीजवळ एका बोळात मिसळीचं एक हॉटेल आहे. नाव देत नाही, कारण मालकाची यात काही चूक नाही. स्टीलची टेबलं, भिंतीला पंखे, आणि मालक स्वतः कटाची, म्हणजे तिखट रश्शाची, बादली घेऊन फिरतो. मागाल तेवढा कट, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दुकान उघडायच्या आधी मी तिथं जातो. त्या सकाळी माझ्याबरोबर तानाजी होता. माझा मित्र, शिरोली एमआयडीसीत त्याची फौंड्री आहे.

पहिला घास घेतला आणि थांबलो. मटकी मऊ, शेव कुरकुरीत, कट चांगला कढत... पण चव शून्य. तिखट सोडा, मीठसुद्धा नाही. गरम पाण्यात कालवल्यासारखं.

मी मालकाला हाक मारली. "कटात पाणी घातलंय काय आज?"

"पाणी? अवो शेठ, मिरची जास्त पडलीया म्हणून सकाळधरनं शिव्या खायलोय."

"मग मला दुसऱ्या बादलीतला वाढलाय तुम्ही."

"बादली एकच हाय की. ही बघा."

तानाजीच्या कपाळावरून घाम गळत होता. नाक पुसत तो म्हणाला, "तुझं डोस्कं फिरलंय काय? हितं माझा नुसता जाळ झालाय."

मालकानं माझ्यासमोर बादलीतला कट तळव्यावर घेतला, चाटला आणि त्याला ठसका लागला. मला वाटलं, नाटक करतोय. माझं डोकं एकदा तापलं की ते लवकर उतरत नाही. ब्रेड बाजूला सारला, वाटी भरून घेतली आणि तोंडाला लावून पाण्यासारखी पिऊन टाकली. आजूबाजूची माणसं चमचे थांबवून बघायला लागली.

"शेठ, दवाखान्यात न्यायला लागंल तुमास्नी," मालक म्हणाला.

"न्या. बिल तुमच्या नावावर."

परत भरायला लावली, परत प्यालो. काही नाही. एवढ्यात खिशातला फोन वाजला. वहिनी. भांडण अर्धवट सोडून फोन घ्यायची मला सवय नाही, म्हणून तोडला. पुन्हा वाजला, पुन्हा तोडला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र मी उठलो. एवढ्या लागोपाठ ती कधी करत नाही... संपलं सगळं, असंच वाटलं. मी रस्त्यावर येऊन फोन घेतला.

"भावजी, कुठं हाय तुम्ही?"

"अण्णा...?"

"हायत, हायत. पर मगाधरनं तोंड भाजलं, तोंड भाजलं म्हणत्यात. डोळ्यांस्नी धार लागलीया, अंग घामानं चिंब. मी तर नळीतनं नुसती पेज सोडलीया, तीबी अळणी. आणि भावजी... हसत्यात वो. किती महिन्यांनी हसत्यात."

"डॉक्टरला सांगितलं का?"

"सांगितलं. पर ह्येंनी मला आधी तुमास्नी फोन लावाय सांगितलं. म्हणत्यात, त्या येड्याला म्हणावं नुसता कट पिऊ नको. संगं ब्रेड खा, न्हायतर पोट जळंल." मग तिनंच विचारलं, "तुम्ही मिसळ खायलाय व्हय?"

माझ्या डाव्या हातात ती वाटी तशीच होती. बाहेर येताना खाली ठेवायचं भान राहिलं नव्हतं.

मी आत आलो. जागेवर बसलो. ब्रेड ओढून घेतला, कटात बुडवला आणि खायला लागलो. तानाजीनं विचारलं, "काय झालं रं? कुणाचा फोन?" मी म्हटलं, "खाऊ दे." कांदा घातला. लिंबू पिळलं. एक फोड पुरेना म्हणून दुसरी पिळली. मला कशाचीच चव नव्हती, पण एकेक घास सावकाश चावून खाल्ला. दुसरी प्लेट मागवली. मालक वाढत होता. ती संपत आली असताना अचानक जिभेला चटका बसला आणि मग घशापासून कानापर्यंत आग. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

तसाच गाडी काढून हुपरीला गेलो. अण्णा उशीला टेकून बसला होता, गळ्यात ओला टॉवेल. इतका वाळला होता की मी आधी खाटेच्या मागं बघितलं, दुसरं कुणी आहे का म्हणून. त्याचा आवाज म्हणजे नुसती कुजबुज. मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "दुसरी फोड पिळलीस, ते बरं केलंस."

एवढंच. नंतर त्याला झोप लागली. तराजूचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. तो राग आहे तिथं आहे, खोटं कशाला लिहू.

मी हे सोडून देणाऱ्यातला नाही. तानाजीचा मोबाईल घेऊन तपासला – त्यानं कुणाला फोन केला नव्हता. हॉटेलात आमच्या गावचं कुणी नव्हतं. आणि कुणी कळवलंच असतं, तरी अळणी पेजेवर माणसाला घाम कसा फुटेल? अण्णाचे डॉक्टर म्हणाले, मेंदूला जुन्या चवीची आठवण येते. माझे डॉक्टर म्हणाले, जीभ कधी थोडा वेळ बधिर होते. ठीक. दोघांचंही पटतं, वेगवेगळं ऐकलं तर. त्याच सकाळी, त्याच घासाला दोन्ही कसं झालं, याचा हिशोब मात्र लागत नाही.

अण्णा अजून नळीवरच आहे. आता जवळजवळ रोज सकाळी मी त्या हॉटेलात जातो. त्याच टेबलावर बसतो, तसंच लिंबू पिळतो. पहिला घास तोंडात घालताना मनात एकच असतं – तिखट लागू नये. आयुष्यात मी पुष्कळ घासाघीस केली, पण ही कुणाशी करायची तेच कळत नाही.

तिखट लागतं. नंतर वहिनीला फोन करतो. ती म्हणते, "न्हाय भावजी. आज काय न्हाय."

त्या दिवसापासून मालक माझ्या पहिल्या घासाकडं लक्ष ठेवून असतो. माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं की बादली घेऊन खुशीत जवळ येतो. "आज जमलाय न्हवं शेठ, कट?"

"जमलाय," मी म्हणतो.