प्रायरची तीन पत्रं

लीड्समधली मराठी मंडळी धम्मशीला गजभियेला पाठीमागे 'तुरुंगवाली बाई' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. कुणाकडे जेवायला गेलं की एखादा सॉफ्टवेअरवाला हमखास विचारायचा, "काय मॅडम, अजून जेलमध्येच का?" ती हसून वेळ मारून न्यायची. नाहीतर पुढचा प्रश्न ठरलेला होता, की इतिहासच करायचा तर किल्ले काय वाईट होते?

तुरुंगांच्या इतिहासाकडे ती वळली ती आजोबांमुळे. सत्याग्रहात पकडलेल्या बाकीच्यांना जेलमध्ये सूतकताई मिळाली होती, आजोबांच्या नावापुढे जात आणि त्यापुढे 'संडास सफाई'. रजिस्टरातली ती ओळ एका परदेशी अभ्यासकाने घरात कुणालाही न विचारता पुस्तकात छापली. तिचे वडील दादासाहेब यांना ती शेजाऱ्याकडून कळली. आजोबांनी जन्मभर लपवलेली गोष्ट अशी चव्हाट्यावर आल्यावर दादासाहेब आठ दिवस घराबाहेर पडले नव्हते.

विलायतेत आल्यावर तिने पाहिलं, इथल्या रजिस्टरांत जातीचा रकाना नव्हता, पण कामांची वाटणी होतीच, कातडीच्या रंगावर. पंचवीस वर्षं ती त्या वाटणीच्या मागे हात धुऊन लागली. निम्मी वर्षं तात्पुरत्या नोकऱ्यांत गेली, प्रोफेसर व्हायला पन्नाशी उलटली. या सगळ्यात एक नियम तिने कधी मोडला नाही. कागद आधी घरच्यांच्या हातात, मग छापखान्यात.

एल्डन प्रायर तिला एका बंद पडलेल्या तुरुंगाच्या खोक्यात सापडला. बार्बाडोसहून आलेला, रेल्वेत कामाला. पोलिसांशी झटापट केल्याबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली आणि १९७१ साली तो कोठडीतच मेला. 'अचानक हृदयविकार', अशी सरकारी नोंद. पण खोक्यात त्याने बायकोला लिहिलेली तीन पत्रं होती. अकरा दिवस छातीत दुखतंय, डॉक्टर येत नाही, एस्मे, तू ये. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र तुरुंगातले अधिकारी आधी वाचत, आणि तिन्ही पत्रांवर वाचणाऱ्याची सही होती. म्हणजे सगळं माहीत असून त्यांनी माणूस मरू दिला होता. याचा दुसरा पुरावा कुठेही नव्हता. पत्रं मात्र एस्मेपर्यंत पोहोचलीच नव्हती. 'या पत्त्यावर राहत नाही' असा शिक्का घेऊन तिन्ही परत आली होती.

दोन वर्षं खटपट केल्यावर त्याची मुलगी मार्वा सापडली, निवृत्त नर्स. एस्मे अजून होती, एकोणनव्वद वर्षांची, केअर होममध्ये. मार्वा म्हणाली, "आधी आईशी बोला. तिच्याआधी मला काही कळायला नको."

धम्मशीला पत्रांच्या प्रती बॅगेत घालून गेली. एस्मे खिडकीशी बसली होती, कार्डिगनची सगळी बटणं लावून. बॅग उघडायच्या आतच ती बोलायला लागली.

"तो माझ्यावर रागावला होता. एक ओळ लिहिली नाही त्याने. बरंच झालं. लिहिलं असतं तर मला जावं लागलं असतं, आणि लोकांना कळलं असतं. पोरीला कुणी कैद्याची मुलगी म्हणू नये म्हणून तर मी घर बदललं होतं, पत्तासुद्धा मागे ठेवला नाही." मग तिने विचारलं, "तुमच्याकडे काय कागद आहेत?"

धम्मशीलाला दादासाहेबांचे ते आठ दिवस आठवले. या बाईने स्वतःच्या हाताने पत्रांची वाट बंद केली होती, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"रजिस्टरातल्या नोंदी आहेत फक्त," ती म्हणाली.

कागदांबाबत ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली. एस्मेने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर नवऱ्याने, प्रणयने विचारलं, "मग बुकमधल्या प्रायरच्या चॅप्टरचं काय? फ्रायडेला फायनल ड्राफ्ट जायचाय ना?"

"थांबवते."

"शीला, त्या चॅप्टरशिवाय त्या बुकमध्ये आहे काय? बाकी सगळं लोकांना ऑलरेडी माहितीये."

"ती आहे तोवर नाही छापणार."

"म्हणजे ती जायची वाट बघणार तू?"

झालं तेच. चौदा महिने तिने प्रकाशकाला झुलवत ठेवलं. मार्वाचा मेसेज आला, आई बरी आहे, की तिला हायसं वाटायचं, आणि त्याच्या मागोमाग पुस्तक आठवायचं. मग स्वतःची किळस यायची. तेवढ्यात ज्याच्या सह्या पत्रांवर होत्या तो अधिकारी वारला. पेपरात त्याच्या सेवेचं कौतुक छापून आलं. ते वाचून ती चडफडली, पण मूग गिळून बसली.

फेब्रुवारीत एस्मे गेली. तीन आठवड्यांनी धम्मशीला मार्वाच्या स्वयंपाकघरात बसली आणि प्रती टेबलावर ठेवल्या. मार्वाने तिन्ही पत्रं उभ्यानेच दोनदा वाचली.

"आई भेटली त्या दिवशी ही तुमच्या बॅगेत होती?"

"हो. त्या म्हणाल्या, त्याने लिहिलं नाही ते बरंच झालं. म्हणून मग माझी जीभ रेटेना."

"ते ती पन्नास वर्षं सगळ्यांना सांगत होती. मला, पाद्र्याला, शेजारणींना. तुम्ही इतिहासकार ना? कुणी सांगितलं की ते तसंच लिहून घेता?"

धम्मशीला पहिल्या वर्षाच्या पोरांना नेमकं उलट शिकवायची. वॉर्डर, डॉक्टर, न्यायाधीश, कुणाच्याही शब्दावर तिने कधी आंधळा विश्वास ठेवला नव्हता. या एका म्हातारीचं म्हणणं तिने खरं मानलं, दया आली म्हणून.

"छापा," मार्वा म्हणाली. "त्या अधिकाऱ्याच्या सह्यांसकट सगळं छापा. मी अडवणार नाही."

मग तिने पत्रं घडीवर घडी घालून छातीशी धरली.

"शेवटी शेवटी तिला मीसुद्धा ओळखू येत नव्हते. पण रोज सकाळी केअर होममधल्या पोरींना विचारायची, एल्डनचं पत्र आलं का."