गाळलेला वारा

वकिलांच्या पोरानं, मधूनं, चेंडूची चामड्याची वादी माझ्यासमोर सोडली. आतल्या रबरी फुग्याची नळी बाहेर ओढली, तिचा दोरा तोडला आणि नळी माझ्या तोंडावर धरली. फुस्स. माझाच वारा माझ्याच तोंडावर आला. ओला, रबराच्या वासाचा. पोरं हसली.

आणि मी काय केलं? मीही हसले. दात काढून. दहा-अकरा वर्षांची घोडी, परकराला ठिगळं, आणि मला वाटलं दादालोक माझी गंमत करतायत. नाती विचारतात, आजी तू लहानपणी कशी होतीस. कशी असणार, शेपूट नव्हतं एवढंच. असतं तर तेही हलवलं असतं.

आम्ही चांभार. सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं, पण हायस्कुलातल्या मॅट्रिकच्या पोरांना आमची गल्ली कालेजवालेच म्हणायची. त्यांच्या फुटबॉलचं सगळं काम माझ्या वडलांकडं, आबांकडं. उसवलेली शिवण घालायची, चामड्याला चरबी चोळायची, बुटांचे तळ ठोकायचे. सामन्याच्या आधी फुगा चेंडूत सारायचा आणि वारा भरायचा. आबांना दमा. म्हणून वारा मी भरायची. तोंडानं. गाल सुजेस्तोवर, डोळ्यांपुढं काजवे नाचेस्तोवर. मग आबा नळी बांधून वादी करकचून आवळायचे.

चेंडू हातात द्यायचा नाही. मैदानाच्या कडेला मातीत ठेवायचा, मागं सरायचं, मग कुणीतरी तो पायानं ओढून घ्यायचं. पायाला विटाळ नव्हता. हे मला इतकं अंगवळणी पडलेलं की तो फुटबॉलचाच नियम असेल असं मला वाटायचं. अशी हुशार मी.

त्या पावसाळ्यात ते जिंकतच गेले. मधू कॅप्टन. डोक्यानं चेंडू मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मी रेषेबाहेर लिंबाखाली बसून बघायची. त्याच्या कपाळाला लागून चेंडू गोलात गेला की माझी छाती फुगायची. गल्लीत सांगत सुटायची, आमी जितलो. आमी.

शेवटच्या सामन्याच्या आधीचा सामना जिंकून पोरं गूळ-शेंगा खात बसली होती. मला राहवलं नाही. पुढं झाले आणि म्हणाले, "दादा, चेंडूत माझा वारा हाय. मीच फुकते की तोंडानं."

शाबासकी पाहिजे होती मला.

मधूचा हात आधी कपाळावर गेला. "म्हणजे हिचं उष्टं मी डोक्यावर घेत होतो?"

"गोल केलेस ते पण धुऊन घे आता," कुणीतरी म्हणालं.

मग ते वादी सोडणं. ते हसणं. ज्यांनी ज्यांनी चेंडू डोक्यानं मारला होता ते कपड्यांसकट नळाखाली बसले. मी लांबून बघत होते. त्या नळाला शिवायची मला मुभा नव्हती, नाहीतर मी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतायलाही धावले असते.

घरी आले आणि राखुंडी घेऊन बसले. दात घासले, जीभ घासली, टाळू घासली. हिरड्यांतून रक्त आलं तरी घासतच होते. मला वाटलं, तोंड स्वच्छ झालं की दादा परत फुकायला देतील. मधू मेला, वकील मेले. त्यांच्या नावानं मला आज काही वाटत नाही. त्या राखुंडीचं मात्र वाटतं. माझ्याच बोटानं मी माझं तोंड सोललं, आणि तेही त्यांनी न सांगता.

शेवटचा सामना बार्शीच्या संघाशी. मधूनं या वेळी घरचा सायकलचा पंप आणलेला. आबा बूट ठोकायला म्हणून लिंबाखाली, त्यांच्याशेजारी मी. एक-एक गोल झाला आणि चेंडू मऊ पडला. मधूनं पंप लावून रागारागानं दांडा दाबला. दांडाच मोडला. बार्शीकरांनी चेंडू आणलेला नव्हता.

मधू आमच्याकडं आला. "ए पोरी, फुंक. आज चालेल."

मी उठले. खरं सांगते, उडीच मारली. तोंड आधीच उघडलेलं. तेवढ्यात त्यानं खिशातला रुमाल काढला, पाण्यात बुडवून पिळला आणि नळीच्या टोकाला गुंडाळला.

"यातून फुंक. गाळून जाईल."

ओला रुमाल ओठांना लागला आणि सोललेल्या हिरड्या झोंबल्या. अशा झोंबल्या की डोळ्यांत पाणी आलं. माझा वारा यांना पाहिजे. तोंड नको.

मी तोंड मिटलं.

"फुक गं बाळे," आबा म्हणाले. "मालक म्हणत्यात न्हवं. आपलं काम हाय त्येंच्याकडं."

"तुमीच फुका की दादा," मी मधूला म्हणाले. "तोंडं तुमाला बी हायेत."

त्यानं रुमाल सोडला. नळीकडं बघितलं. ती आधीच्या सामन्यांत माझ्या तोंडात जाऊन आलेली. त्यानं ती दुसऱ्यापुढं धरली, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं बघितलं. मास्तर ओरडत होते, "अरे फुंका कुणीतरी." गोलासाठी घसा फोडणारा सगळा संघ ओठ दाबून उभा. एकानंही तोंड लावलं नाही. पंचांनी सामना बार्शीला दिला.

त्या संध्याकाळी आबांनी मला मारलं. त्याआधी कधी मारलं नव्हतं. मारताना त्यांनाच धाप लागली, मग ते भिंतीला टेकून खोकत बसले. हायस्कूलचं काम गेलं. त्या थंडीत आम्ही भाकरीबरोबर नुसतं मीठ खाल्लं, आणि आबा माझ्याशी धड बोलले नाहीत.

तरी मी मधूकडं माफी मागायला गेले नाही. आबांनी दोनदा सांगितलं, तरी नाही.

पुढं आयुष्यात तसे रुमाल पुष्कळ पुढं आले. कधी वेगळा कप म्हणून, कधी "तुम्ही त्यातल्या वाटत नाही हो" म्हणून. ज्याला माझा वारा पाहिजे त्यानं माझ्या तोंडासकट घ्यावा. नाहीतर त्याचा चेंडू मऊच राहू दे. गाळून मी देणार नाही. नातींनाही देऊ देणार नाही.