धारच्या तंबूतली वाळू

माघ वद्य तृतीया, शके १८४०. पहाटे देवासहून निघालो. इंदुरापर्यंत टांगा, पुढे महूपर्यंत आगगाडी. रात्री धर्मशाळेत मुक्काम.

जाण्याचे कारण एकच. आमचा मुलगा सदू पलटणीच्या कचेरीत कारकून होऊन बसऱ्याकडे, अरबांच्या वाळवंटी मुलखात, गेला आणि तिकडेच तापाने वारला. अस्थी आल्या नाहीत. त्याच्या नावाने पाणी सोडू म्हटले तर त्याची आई म्हणे, "तो कुठं आहे ते तुम्ही तरी पाहिलंत का?" धारेस बायस्कोप आला आहे, त्यात वाळवंट दाखवतात, असे कळले तेव्हा तीच म्हणाली, "बघून या."

महूहून धारेपर्यंत टांगा मिळतो. रस्ता पक्का, पण सकाळी गारठा फार. पांघरूण जवळ असावे. दोन्ही बाजूंना हरभरा. वाटेत डाळ-बाफले खाल्ले, तूप चांगले होते. मग उन्हात डोळा लागे, जाग येई, आणि दर वेळी तेच शेत पुढे आहे असे वाटे.

बायस्कोपचा तंबू तलावाकाठी होता. आधी कुस्ती दाखवली, मग वाळू. बराच वेळ नुसती वाळू. वारा तिच्यावरून धुरासारखा सरकत होता. लांबून एक माणूस उंट धरून आला, जवळून गेला, लहान होत गेला. मागची पावले हळूहळू बुजली.

"यो कंई खेल हे? खाली रेत ने रेत," मागून कोणी म्हणाले.

"ऊंट तो लाड़ी सरीखो सासरे जई रियो," दुसरा म्हणाला. उंटाची नवरी झालेली ऐकून लोक हसले. ते चित्र संपू नये, असे मला वाटत होते.

खेळ सुटल्यावर बायस्कोपवाल्याला विचारले, "ये बसरे की रेत है क्या?"

"मालूम नी, भिया. डब्बे पे लिखा नी." त्याने रिळाचा पत्र्याचा डबा दाखवला. दुसरा खेळ लागायचा होता. पडदा सुकला की चित्र फिके पडते, म्हणून तो त्यावर पाणी मारी. मला तिथेच उभा पाहून त्याने लोटा माझ्या हाती दिला. "जरा मार दो."

उपरणे मी उजव्या खांद्यावर केव्हा घेतले, कळले नाही. पितरांना सोडतात तसे पाणी अंगठ्याच्या बाजूने, धारेने, पडद्यावरून खाली गेले.

"ऐसे नी, भिया. छींटे मारो." मग त्याने माझ्या खांद्याकडे पाहिले आणि तो यंत्राकडे वळला.

दिवा लागला, पुन्हा वाळू आली. ओघळ गेलेली जागा वाळूत उजळ दिसत होती. माणूस तिच्यातून चालत गेला.

देवासला पोचलो तेव्हा सदूची आई दारातच होती. "दिसली?"

"दिसली. मोकळी जागा आहे. वारा असतो." डब्याचे सांगितले नाही. "पाणी सोडून आलो."

 ती म्हणाली, "तहान फार लागायची त्याला," आणि आत गेली.

मी विहिरीवर जाऊन दोन पोहरे काढले, वाटेच्या धुळीचे धोतर धुतले आणि दोरीवर पसरून वाळत घातले.